पाणघोडा सत्तेचाळीस उद्गारचिन्ह

मी पेन्शन कचेरीत खिडकीवर बसतो. जिवंत माणसाकडून तो जिवंत असल्याचा पुरावा घेणं, हे माझं काम. माणूस समोर उभा असतो, खोकत असतो, माझ्याशी कडाकडा भांडत असतो, पण हयातीचा दाखला आणला नसेल तर आमच्या लेखी त्याचं काही खरं नसतं. लोक मला वाट्टेल ते बोलतात. मी मनाला लावून घेत नाही. नियम पाळणाऱ्याला बोलणी खावीच लागतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रकार ऐकला की लोकांना वाटतं माझं डोकं फिरलं होतं. डोकं अजिबात फिरलं नव्हतं. जागेवर होतं, म्हणून तर एवढा घोटाळा झाला.

झालं असं, की आमच्या कचेरीत सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. हल्ली सगळा कारभार इंटरनेटवर गेल्यामुळे चोरही तिकडेच गेले आहेत, असं एका बाईंनी येऊन मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. बाकीच्यांचं लक्ष बिस्किटांकडे होतं. मी मात्र पहिल्या रांगेत बसून सगळं कान देऊन ऐकलं. बाई म्हणाल्या, आता चोर तुमच्या माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. अनोळखी नंबर, ओळखीचा आवाज, रडवेला सूर, पैशांची घाई, ही चार लक्षणं दिसली की फोन ठेवा. आणि घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. अडचणीतल्या माणसाने तो सांगितला तरच विश्वास ठेवा.

साधा सल्ला होता. बाईंनी उदाहरण म्हणून 'खिडकी' असा शब्दही दिला होता. पण त्याच प्रशिक्षणात अर्धा तास आधी त्यांनी चांगला पासवर्ड कसा असावा हेही सांगितलं होतं: लांबलचक असावा, त्यात आकडा असावा, एखादं चिन्ह असावं, आणि दर महिन्याला बदलावा. आता मला सांगा, कचेरीच्या कपाटभर कागदांना एवढा बंदोबस्त आणि घरच्या माणसांना नुसती 'खिडकी', हे कुठल्या न्यायाने? मी दोन्ही नियम एकत्र केले. संध्याकाळी घरी आलो ते कुटुंबाचा पासवर्ड तयार करूनच.

"पाणघोडा सत्तेचाळीस उद्गारचिन्ह," मी बायकोला सांगितलं.

बायको भाजी निवडत होती. "काय झालं पाणघोड्याला?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिचं हे शांतपणे ऐकणं मला कधीच आवडलेलं नाही.

"अहो, पण बोलताना उद्गारचिन्ह काढायचं कसं?"

"काढायचं नाही. उच्चारायचं. स्पष्ट."

"म्हणजे उद्या मी रस्त्यात पडले, पाय मोडला, तुम्हाला फोन केला, तर आधी पाणघोडा म्हणायचं?"

"आणि सत्तेचाळीस," मी म्हणालो.

मुलगी शिकायला परगावी असते. तिने दुसऱ्याच दिवशी खर्चाला पैसे मागताना पासवर्ड एका दमात म्हणून दाखवला. राहिली आत्या. आत्या माझी एकुलती एक. दुसऱ्या गावात एकटी राहते, शिवणकाम करते. माझे शाळेपासून कॉलेजपर्यंतचे सगळे सदरे तिने शिवले आणि प्रत्येक सदरा एक माप मोठा शिवला, पुढच्या वर्षीही यावा म्हणून. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते, आणि हाक मारणं हे आत्याच्या स्वभावात नाही, त्यामुळे मशीन बंद पडून होतं. आमच्या गावातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तिने नाव घातलं होतं. मी फोन करून तिला पासवर्ड दिला.

"पाणघोडाच का रे, सोन्या?" तिने विचारलं.

होय, ती मला अजून सोन्या म्हणते. आमच्या खिडकीवर मला साहेब म्हणतात. असो.

आत्याने मात्र मनावर घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जाता-येता ती पाणघोडा सत्तेचाळीस घोकायची, असं तिच्या शेजारणीने नंतर सांगितलं. पहिला महिना निर्विघ्न पार पडला. एक तारखेला मी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला. 'कांगारू बावन्न स्वल्पविराम.' घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सर्वांनी पोच द्यावी. बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून दिली. मुलीने डोळे फिरवणारं तोंड पाठवलं. आत्याने फुलांचं चित्र पाठवलं. तिला डोळ्यांनी धड दिसत नसल्यामुळे ती ग्रुपवर काहीही आलं तरी फुलांचं चित्रच पाठवते. हे मला ठाऊक होतं. तरी मी ते चित्र पोच म्हणून धरलं. फाइलला पोच लागते, ती मिळाली, विषय संपला.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली होती. समोरच्या घरातले निवृत्त बँक मॅनेजर चहाला आले होते. हे गृहस्थ सल्ला द्यायलाच जन्माला आलेत. बूट कुठे घ्यावेत इथपासून ते मरावं कधी इथपर्यंत त्यांच्याकडे सल्ला तयार असतो. आमचा चहा अर्धा झाला तोच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"अरे सोन्या, मी आत्या," फोनमधला आवाज म्हणाला. आवाज आत्याचाच, पण रडवेला. "बसमधून उतरले आणि पिशवी बसमध्येच राहिली रे. टॅक्सीवाला आधी पैसे मागतोय. त्याच्या नंबरवर थोडे पाठव ना."

मी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी एकेक बोट वर करून लक्षणं मोजली. अनोळखी नंबर, ओळखीचा आवाज, रडवेला सूर, पैशांची घाई. मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"पासवर्ड सांगा," मी म्हणालो.

"अं? हां. पाणघोडा सत्तेचाळीस उद्गारचिन्ह."

माझ्या अंगावर काटा आला. गेल्या महिन्याचा पासवर्ड. म्हणजे चोरांनी आमच्या घरात हात घातला होता, फक्त त्यांची माहिती थोडी शिळी होती.

"हा पासवर्ड मुदतबाह्य झाला आहे," मी माझ्या खिडकीवरच्या आवाजात म्हणालो.

"काय झालाय?"

"आणि पुन्हा या नंबरवर फोन करू नका."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी आत्या बोलतेय, आत्या. माझ्या दवाखान्याच्या..."

मी फोन ठेवला. नुसता ठेवला नाही, मॅनेजर बघत होते म्हणून जरा आपटलाच. मग खात्री करायला आत्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन केला. बंद.

"पुरावाच मिळाला की," मॅनेजर म्हणाले. "आधी खऱ्या माणसाचा फोन बंद पाडतात. मी बँकेत होतो तेव्हा," वगैरे.

मी ताबडतोब तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या हेल्पलाइनने माझं काम तत्परतेने केलं. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो नंबर बंद करून टाकला आणि माझ्या जागरूकतेबद्दल आभारही मानले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मॅनेजर म्हणाले, इमारतीतल्या लोकांनाही सावध करायला हवं. मग इमारतीच्या ग्रुपवर मी सविस्तर सूचना लिहिली. वर्णन अचूक असावं म्हणून त्यात असंही लिहिलं की सदर भामटी वयस्कर बाईच्या आवाजात बोलते आणि मला 'सोन्या' अशी हाक मारते. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही.

थोड्या वेळाने फाटकावरून रखवालदाराचा फोन आला. "साहेब, ती आवाजवाली बाई आली आहे."

"आली आहे म्हणजे? प्रत्यक्ष?"

"प्रत्यक्ष. सोबत टॅक्सीवालाही आहे."

"टोळी आहे," मॅनेजर कुजबुजले.

आम्ही दोघं गॅलरीत गेलो. चौथ्या मजल्यावरून खाली एक पांढरं डोकं दिसत होतं, एक टॅक्सी दिसत होती, आणि रखवालदार फाटकाला पाठ लावून उभा होता. पांढऱ्या डोक्याने वर पाहिलं. मी कठड्याआड सरकलो. "वेषांतर," मॅनेजर म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बसला होता. तेवढ्यात बाजाराच्या पिशव्या घेऊन माझी बायको फाटकाशी पोचली. तिने पिशव्या जमिनीवर ठेवल्या, त्या पांढऱ्या डोक्याला मिठी मारली, टॅक्सीवाल्याला पैसे दिले, आणि मग मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघितलं. मॅनेजरांना अचानक गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं आणि ते घरी गेले.

आत्या घरात आली, खुर्चीवर बसली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्याला विचार," ती माझ्या बायकोला म्हणाली, "मी खरी आहे असं वाटतं का? नसेल वाटत तर आल्या पावली परत जाते."

हळूहळू उलगडा झाला. तिचा जुना फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. शेजारणीने तिला मोठ्या बटणांचा नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला होता आणि दवाखान्यातही तोच नोंदवला होता. आम्हाला आल्यावर सांगू असं तिने ठरवलं होतं. सगळं सरळ होतं. माझंही सरळच होतं. मी तिला लक्षणं समजावली, नियम समजावला, पोच दिल्याचीही आठवण करून दिली.

"तुझा पासवर्ड चुकीचा नव्हता, आत्या. फक्त मुदत संपली होती."

"झालं सांगून?" आत्या म्हणाली. "आणखी काही म्हणायचं नाही तुला?"

बायको तिच्या पाठीमागून मला डोळ्यांनी खुणावत होती. मला खुणा कळत होत्या. पण मी म्हणतो, नियमाने वागलेल्या माणसाने माफी कशाची मागायची? उद्या खिडकीवर प्रत्येकाची मागत बसू? मी आत्याला पाणी आणून दिलं. तिने ते बायकोच्या हातून घेतलं.

"आत्या, दवाखान्याचं काय झालं?" बायकोने विषय बदलला.

"आज संध्याकाळपर्यंत फोन येणार आहे. सोमवारी ऑपरेशन. फोन उचलून हो म्हटलं की पक्कं. नाही उचलला तर नंबर दुसऱ्याला जातो, मग पुन्हा पावसाळ्यानंतर."

"कुठल्या नंबरवर येणार?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

आत्याने मोठ्या बटणांचा फोन टेबलावर ठेवला. त्याच्या पडद्यावर सेवा खंडित असं लिहिलेलं होतं. आत्याला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

मी हेल्पलाइनला परत फोन केला. नंबर ज्याचा आहे त्याने ओळख पटवावी, असं पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. त्यासाठी त्यांनी एक कोड पाठवला होता.

"कुठे पाठवला?"

"त्याच नंबरवर."

"तो नंबर बंद आहे."

"हो सर, चालू झाल्यावर कोड दिसेल."

"आणि चालू कधी होईल?"

"कोड सांगितल्यावर."

मी तिच्यावर चिडू शकलो नाही. तो सूर माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी दहापासून मी तो माझ्याच तोंडून ऐकतो.

आम्ही तिघं फोन कंपनीच्या दुकानात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने आत्याला एका यंत्रासमोर बसवलं. यंत्रात बघायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या, की ओळख पटते. आत्याला यंत्र नक्की कुठे आहे तेच दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने डावीकडे बघून पापण्या मिटल्या, उजवीकडे बघून मिटल्या, बायकोने तिची हनुवटी धरली तेव्हा समोर बघूनही मिटल्या. यंत्राने बराच विचार केला आणि मोठ्याने जाहीर केलं, "समोर जिवंत व्यक्ती आढळली नाही."

दुकानात सगळे वळून बघायला लागले. आत्याने पदराने डोळे पुसले. "सुनबाई," ती म्हणाली, "हे यंत्र ह्याच्या कचेरीतून आणलेलं दिसतंय."

मला हसू आलं नाही. हिचे डोळे बरे व्हावेत म्हणून हिला डोळे दाखवायचे होते, आणि डोळे बरे नाहीत म्हणून ते चालत नव्हते, आणि या सगळ्याच्या मुळाशी मी उभा होतो. कधी नव्हे ते मला दाखल्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यासारखं झालं. घड्याळाचा काटा संध्याकाळकडे सरकत होता.

"दुसरा मार्ग आहे," कर्मचारी म्हणाला. "तक्रार करणाऱ्याने तक्रार मागे घ्यायची. इथे बटण दाबा."

बटणावर लिहिलं होतं: 'ही तक्रार माझ्या चुकीमुळे झाली.'

"गैरसमजामुळे असं बटण नाही का?"

"नाही साहेब."

"प्राप्त परिस्थितीमुळे?"

"एकच बटण आहे."

"अहो, दाबा," बायको म्हणाली, आणि ज्या स्वरात म्हणाली त्यावर चर्चा होत नसते. मी दाबलं. यंत्राने हिरवा दिवा लावला. काही वेळात नंबर चालू होईल, असं कर्मचारी म्हणाला. काही वेळ म्हणजे किती, ते आमच्या कचेरीतही कोणी सांगत नाही.

"चुकलं म्हणून यंत्राला म्हणालास," आत्या बाहेर पडताना म्हणाली. घरातल्या त्या बोलण्यानंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही थेट दवाखाना गाठला. काचेमागे एक बाई कानाला फोन लावून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पेशंट इथे उभ्या आहेत, हो म्हणत आहेत, लिहून घ्या.

"तसं चालत नाही. नोंदलेल्या नंबरवरच हो घ्यावं लागतं," बाई म्हणाल्या. "कोणीही येईल आणि दुसऱ्याच्या नावावर हो म्हणेल. सायबर सुरक्षा."

"पण ह्या समोर आहेत."

"हो, दिसताहेत की. मी मघापासून त्यांनाच फोन लावते आहे. लागत नाही. पाच वाजता खिडकी बंद होईल."

आत्या खुर्चीवर बसून पदराच्या टोकाची घडी घालत आणि उलगडत होती. एवढी वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवलेला तो हात रिकामा बघून मला फार वाईट वाटलं. मी काचेपाशी गेलो, म्हटलं, बाई, अजून एकदा लावा. त्यांनी लावला. नाही लागला. पुन्हा एकदा, म्हटलं. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. पुन्हा एकदा. माझ्या खिडकीवर कोणी असं अडून बसलं असतं तर मी त्याला बाकावर बसवलं असतं.

आणि आत्याच्या मांडीवर फोन वाजला.

"हॅलो," आत्या म्हणाली.

"नमस्कार, डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलते आहे," काचेमागच्या बाई म्हणाल्या. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. "सोमवारच्या ऑपरेशनला येणार ना?"

"येणार."

"आत्ता कुठून बोलताय?"

"तुमच्यासमोरून."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. रांगेतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी काढल्यावर आत्याने खिडकी बघितली, माझ्या बायकोची साडी बघितली, रंगाचं कौतुक केलं, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "केस पांढरे झाले की रे तुझे," ती म्हणाली. "बाकी काही बदल दिसत नाही." बाकी म्हणजे काय ते मला कळलं. मी सफरचंद कापून दिलं. पंधरवडाभर ती आमच्याकडे राहिली, माझ्या सगळ्या सदऱ्यांची बटणं नव्याने लावून दिली, गाडीत बसताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात बस सुटली. बसच्या वेळेला मी काय करणार? घरातली पासवर्डची पद्धत बायकोने परस्पर रद्द केली आणि मीही तो विषय काढला नाही.

परवा मी खिडकीवर होतो. दाखले घेऊन मोठी रांग होती. आत्याचा फोन आला. कामाच्या वेळी मी फोन घेत नाही. तो घेतला.

"सोन्या, आत्ता मला तुझा फोन आला होता," ती म्हणाली. आवाज मजेत होता.

"मी नाही केला."

"ते कळलं मला. पण आवाज अगदी तुझा. तसाच आधी खाकरला. म्हणाला, आत्या, मोठ्या अडचणीत आहे, पैसे पाठव. मी घाबरलेच. पैसे पाठवायला निघालेही होते."

"पाठवले नाहीस ना?"

"ऐक तरी. मी म्हटलं, पाठवते, पण त्या दिवशी माझा फोन आपटलास, त्याचं काय? तर लगेच म्हणाला, आत्या, चुकलं माझं, माफ कर. तिथल्या तिथे, एका झटक्यात." आत्या हसायला लागली. "तेव्हाच ओळखलं, हा आपला सोन्या नव्हे. फोन ठेवून दिला."

रांगेतले पहिले आजोबा दाखला पुढे करून उभे होते. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं.

"आत्या," मी म्हणालो, "चुकलं माझं. माफ कर."

पलीकडे हसणं थांबलं. मागे तिच्या शिवणाच्या मशीनचा आवाज चालू होता, तोही थांबला.

"पासवर्ड सांग," आत्या म्हणाली.

मी रांगेकडे पाहिलं. रांग माझ्याकडे बघत होती. शेजारच्या खिडकीवरचा सहकारीही मान वळवून बघत होता. मी खाकरलो आणि स्पष्ट उच्चारात म्हणालो, "पाणघोडा सत्तेचाळीस उद्गारचिन्ह."

"हां, तूच आहेस," आत्या म्हणाली. "आता मघाचं परत म्हण."